झोंबी, मढं की बाधित? फिअर द वॉकिंग डेडचा पहिला भाग बघून पडलेला प्रश्न

फिअर द वॉकिंग डेड ही अमेरिकन मालिका 2015 ला आली होती, मी आत्ता बघायला घेतली आणि पहिल्या भागाबद्दल मराठीत लिहायला बसले तर पहिल्याच वाक्याला अडले. मूळ द वॉकिंग डेड मालिकेत नायक रिक कोमातून उठतो तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं, इथे मात्र लॉस एंजेलिस नेहमीसारखं चालू आहे, शाळा भरतेय, फ्लूची साथ आहे म्हणून बाकं रिकामी दिसतात, कुणाला कशाचा पत्ता नाही. हेरॉइनच्या नशेतला निक एका पडक्या चर्चमध्ये जागा होतो आणि ओळखीची मुलगी माणूस खाताना बघतो, आणि त्याला स्वतःलाच कळत नाही की हे खरं घडलं की नशेत दिसलं. मला तो भाग फार आवडला, संथ आहे पण भीती हळूहळू चढत जाते. तर निकने जे पाहिलं त्याला मी काय म्हणू? झोंबी लिहवत नाही, कारण भागात कुणीच तो शब्द उच्चारत नाही. आपला एखादा शब्द आहे का?

—

वेताळ आहे की! प्रेतात शिरून त्याला चालवतो, विक्रमाच्या पाठीवरचं प्रेत आठवा.

—

दादा, वेताळ नको. एक तर तो बोलतो, गोष्टी सांगतो, कोडी घालतो, हे लोक नुसते गुरगुरतात. आणि आमच्याकडे आरवलीला वेतोबा म्हणजे गावाचा राखणदार, त्याला केळ्यांचा घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात, त्याचं नाव या असल्यांना द्यायचं नाही. मुंजा, समंध, हडळ, जखीण घेतली तरी तीच अडचण, आपल्या सगळ्या भुतांना काहीतरी हवं असतं, इच्छा राहिलेली असते, शरीर गेलेलं आणि माणूस मागे उरलेला. इथे बरोब्बर उलटं, शरीर उरलंय आणि आत माणूसच नाही. म्हणून भुतांच्या यादीत शब्द सापडणार नाही, प्रेताच्या शब्दांत शोधा.

—

मग मढं. मुडदा म्हणू नका, आजीच्या तोंडी "मुडदा बशिवला तुझा" ऐकून ऐकून त्यातली भीतीच गेलीय. "मढं उठलं" म्हणून बघा, दोन शब्दांत काटा येतो.

बाकी झोंबीवर एवढा राग नको. आपला झोंबी शब्द मुळात कुस्तीचा, अंगाला भिडण्याचा, वाराही झोंबतो आणि मिरचीही. फक्त ती झोंबी स्त्रीलिंगी आणि हा झोंबी पुल्लिंगी, त्यामुळे "झोंबी झाली" आणि "झोंबी झाला" यात गोंधळ होत नाही. 2022 ला झोंबिवली पिक्चर आल्यापासून तर शाळकरी पोरंही सहज म्हणतात. हैतीहून निघालेला शब्द आहे, तिथे मांत्रिकाने उठवून गुलाम केलेलं प्रेत असा अर्थ होता, चावणं-बिवणं नव्हतंच.

—

चर्चा सुरू करणाऱ्या ताईंना माझं सांगणं, या एका भागापुरता बाधित लिहा. पुढे मालिकेतही लोक त्यांना इन्फेक्टेड म्हणतात हे एक, पण खरं कारण आपल्या भाषेतच आहे. विषबाधा आणि भूतबाधा, दोन्हीकडे बाधाच. लागण रोगाची आणि लागीर भुताचं, दोन्ही लागणे वरूनच. म्हणजे आजार की बाहेरचं काही, हे ठरलेलं नसताना वापरायचे शब्द मराठीत तयार आहेत, आणि पहिल्या भागात निक, त्याची आई मॅडिसन, तिचा जोडीदार ट्रॅव्हिस तिघंही नेमके त्याच अवस्थेत आहेत. कोरोनात रोज पेपरात बाधितांचे आकडे वाचल्यामुळे शब्द समजावून सांगायचीही गरज नाही.

—

बाधित आवडला, पण कॅल्विनचं काय? निकला ड्रग्ज विकणारा तो कॅल्विन, झटापटीत गोळी लागून मरतो, त्याला कुणी चावलेलं नाही, तरी उठून येतो आणि निकला त्याच्यावर गाडी घालावी लागते. या कथेत कसाही मेलात तरी उठताच. म्हणजे मग सगळेच बाधित झाले ना, जिवंत धरून?

—

हो, आणि ते त्या तिघांना अजून माहीत नाही, म्हणून तर त्यांच्या तोंडी बाधित शोभतो. तुम्ही स्वतः वर्णन करताना, जिथे कॅल्विन उठून चालत येतो, तिथे सरळ मढं वापरा.

—

ठरलं. लोक बोलतात तिथे बाधित, कॅल्विन उठतो तिथे मढं. झोंबी लेखाच्या शीर्षकातही घेत नाही, आणि निकने चर्चमध्ये पाहिलेल्या त्या मुलीला शब्दच देत नाही, नुसतं "ती" लिहिते, कारण तो तिला ओळखत होता.