माझा प्रवास नि बनगरवाडी झाली, कोसला मात्र अडकलीय

खिडकीची_सीट:
लोकलमध्ये मोबाईल बघून बघून डोकं उठायला लागलं म्हणून लायब्ररी लावली, कॉलेजनंतर पहिल्यांदाच. गोडसे भटजींचं माझा प्रवास उगाच उचललं, वाटलं १८५७ म्हणजे सनावळ्या असतील. कसलं काय! वरसईचा गरीब भिक्षुक, डोक्यावर कर्ज, उत्तरेत बायजाबाई शिंदे यज्ञ करणारेत तर दक्षिणा मिळेल म्हणून काकाबरोबर चालत निघतो आणि नेमका बंडात सापडतो. झाशीला वेढा पडतो तेव्हा हा आत! पैसे जमवतो की लुटला जातो, परत जमवतो, परत लुटला जातो. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी झाशीची राणी भेटते, धुळीने माखलेली, तहानलेली, हा पाणी काढायला जातो तर त्याला थांबवून स्वतःच शेंदून ओंजळीने पिते. तिथे माझं स्टेशन गेलं, खरंच.

मग माडगूळकरांची बनगरवाडी कादंबरी. दोन दिवसांत संपली. तो आनंदा रामोशी चोर असून इतका का आवडतो कळत नाही. शेवट वाचून मात्र दिवसभर कुणाशी बोलावंसं वाटेना.

आता नेमाड्यांची कोसला कादंबरी घेतलीय आणि साठेक पानांवर गाडी थांबलीय. सारखं वगैरे नि उदाहरणार्थ. हा मुलगा नुसता कुरकुरतोय असं मलाच वाटतं का? पुढे जाऊ की परत करू?

पेठेतला_वाचक:
कुरकुरतोयच तो. कोसला आली तेव्हा, १९६३ ला, लोक ज्या भाषेत कादंबऱ्या लिहीत होते ती बघा म्हणजे त्या वगैरेची गंमत कळेल. त्याच्या बहिणीचा, मनीचा भाग येईपर्यंत तरी सोडू नका, तिथे सगळी टवाळी एकदम गळून पडते.

चहा_बिनसाखरेचा:
मी तीनदा सोडली. विसाव्या वर्षी वाचायला हवी होती, चाळिशीत त्या नायकापेक्षा, पांडुरंगापेक्षा, त्याच्या वडिलांच्या मनीऑर्डरची काळजी वाटते 😄

मोडीवेडा:
माझा प्रवास कुठली प्रत वाचलीत? १९०७ ला चिं. वि. वैद्यांनी छापली ती बरीच कापून आणि भाषा बदलून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६ ला. भटजींचा खरा आवाज त्यात आहे, थोडी जड जाते पण तीच वाचा.

खिडकीची_सीट:
अरे देवा, माझी वैद्यांचीच निघाली! म्हणजे परत वाचणं आलं. चालेल, मुळात कर्ज फेडायला निघालेला माणूस शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी येतो, ते त्याच्याच शब्दांत वाचायला आवडेल.

आजीची_लेक:
तुम्हाला असं अलंकार न लावता सांगितलेलं आवडतंय तर लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे घ्या. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती होतो, बाईंचं सगळं जग उलटंपालटं होतं, आणि त्या सांगतात कसं, तर स्वतःवरच हसत. आई वाचायची तेव्हा स्वयंपाकघरातून एकटीच हसल्याचा आवाज यायचा. कोसलाशी तुलना नको, वेगळी जात आहे.

खिडकीची_सीट:
स्मृतिचित्रे बाहेर गेलीय, नंबर लावून आले. तोवर कोसला रिन्यू केलीय, मनी येईपर्यंत वाचते. आणि कृपया पुढचं कुणी सांगू नका, आधीच अर्धं फोडलंत.