देव न मानणाऱ्यांचे लग्न : ठरवताना आलेले अनुभव

जोडीदारांपैकी एक किंवा दोघेही नास्तिक असले, की लग्न कसे लावायचे हा प्रश्न पत्रिकेपाशीच येऊन ठेपतो. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ ही ओळ गाळण्यावरून अबोला धरलेली घरे अनेकांच्या पाहण्यात असतील. ‘साधेपणाने उरकले’ एवढ्यावर न थांबता कोणता विधी कोणासाठी ठेवला, कोणता सोडला आणि कागदोपत्री काय करावे लागले, हे कृपया सविस्तर लिहावे.

पुणे : आम्ही दोघेही नास्तिक असल्याने विशेष विवाह कायदा, 1954 याखाली लग्न केले. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य लागते, नोटिशीनंतर 30 दिवस थांबावे लागते आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न न झाल्यास नवी नोटीस द्यावी लागते, म्हणून हे गणित मांडूनच मंगल कार्यालयाची तारीख घ्यावी. जादा शुल्क भरल्यास विवाह अधिकारी वाजवी अंतरावरील कार्यस्थळीही येऊ शकतात. त्यांच्या व तीन साक्षीदारांच्या समक्ष एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार केल्याचे उच्चारायचे आणि सह्या करायच्या, एवढेच कायद्याला पुरते. बाकीचे स्वरूप आपण ठरवावे. ‘विधी नकोत, हिंदू विवाह कायद्याखाली नुसती नोंदणी करून टाका’ हा सल्ला मात्र मुळीच ऐकू नये. आवश्यक विधी झालेले नसतील, तर केवळ नोंदणीच्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली स्पष्ट केले आहे.

सातारा : सासऱ्यांच्या आग्रहाने आमचे लग्न सत्यशोधक पद्धतीने झाले. महात्मा फुले यांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापून त्याच वर्षी भटजींवाचून लग्न लावून दाखवले होते. त्यांच्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी वराकडून सर्वांसमोर शब्द घेते, आणि ते कडवे मी म्हणत असताना एरवी गप्पांत रंगणारे मांडवातले लोक खरोखर ऐकत होते. अडचण वेगळीच निघाली : फुले निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानत, मंगलाष्टकांतही देव येतो, आणि नवरा कट्टर नास्तिक. शब्द बदलावेत असे त्याचे म्हणणे होते. जुन्या रचनेला कात्री लावणे मला पटेना, म्हणून ती जशीच्या तशी म्हटली आणि त्यानंतर आम्ही स्वतः लिहिलेली शपथ घेतली. कायदेशीर लग्न आधीच विवाह अधिकाऱ्यांसमोर झाले होते.

नाशिक : नास्तिक मी एकटाच, पत्नी आणि तिचे माहेर श्रद्धाळू. आम्ही देवक आणि कन्यादान वगळले, सप्तपदी तिच्या इच्छेने ठेवली आणि प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत सांगण्याची अट गुरुजींनी आनंदाने मान्य केली. अंतरपाट आणि कानपिळी यांवर वाद घालण्यात मला अर्थ वाटला नाही. मेहुण्याने कान असा पिळला की देव आठवावा. तांदूळ वाया जाऊ नयेत म्हणून अक्षतांऐवजी पाकळ्या वाटल्या होत्या, तरी आजीने घरूनच रुमालात बांधून आणलेल्या अक्षता ‘सावधान’ म्हणताच आमच्यावर टाकल्या. लग्नानंतरच्या जागरण-गोंधळाला मी पाहुण्यांची सरबराई केली, पूजेला बसलो नाही. सासरे दोन दिवस नाराज होते.

एडिनबरा : स्कॉटलंडमध्ये मानवतावादी, म्हणजे देवधर्माविना विधी करणाऱ्या, विधिसंचालकाने लावलेले लग्न 2005 पासून कायदेशीर ठरते, त्यामुळे आम्हाला वेगळे नोंदणी पद्धतीचे लग्न करावे लागले नाही. मंगलाष्टकांच्या चालीवर मावशीने आमच्या ओळखीची गोष्ट रचून म्हटली.

कोल्हापूर : मी वरमाय म्हणून लिहीत आहे. मुलाने विधी नाकारले तेव्हा देवापेक्षा मला ‘लोक काय म्हणतील’ याचीच धास्ती अधिक होती. मुलीच्या मामांना काही मान हवा, म्हणून साक्षीदार म्हणून पहिली सही त्यांची ठेवली आणि ते खूश झाले. आता धाकट्याचे ठरते आहे. सीमांतपूजन न करता व्याह्यांचे स्वागत तुम्ही कसे केलेत आणि त्या वेळी काय दिलेत, ते कोणी लिहिल्यास उपयोग होईल.