साइटवर मोळा (खिळा) पायात गेला, रोजची साफसफाई कुणाकडनं करून घ्यायची?

अनगोळचा घरमालक:
नमस्कार मंडळी. बेळगावात अनगोळला घर बांधायला काढलंय, खालचा स्लॅब झाला, परवा सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा फळ्यांचा साचा, खोललं. फळ्या सगळ्या अंगणात टाकल्या, मोळे तसेच वर तोंड करून. सकाळी पाणी मारायला आलेल्या बिगाऱ्याचा पाय त्यावरच पडला, पायात साधी स्लीपर, ती फोडून मोळा तळव्यात घुसला. गाडीवरनं दवाखान्यात नेलं, जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, चार दिवस तो घरात बसून, तेवढी हजेरी मी दिली. कंत्राटदार म्हणतो साइटवर हे चालायचंच. मला हे अजिबात पटत नाही ओ, पाय टेकताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. आता वरचा मजला चढणार, भांडण न करता हे कसं बदलायचं सांगा.

टिळकवाडीचा जुना सुपरवायझर:
मोळा काढायचा तो फळी खाली आली की तिथंच. ढिगात गेली की नंतर कोण बघत नाही. सेंट्रिंगवाल्याला पैसे चौरस फुटावर मिळतात, मोळे उपसायचे मिळत नाहीत, त्यामुळं खोललं की तो दुसऱ्या साइटवर पळतो. तेव्हा बोलणी करतानाच ठरवा, मोळे काढून फळ्या लांबीप्रमाणं रचल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. दुसरं, संध्याकाळी शेवटचा अर्धा तास आवराआवरीचा, आणि तो हजेरीत धरा, सुट्टी झाल्यावर झाडायला सांगितलं तर दमलेला माणूस काय झाडणार. जिना आणि जायची वाट आधी मोकळी करा, वीटतुकडे आणि बाइंडिंग तारेचे तुकडे तिथंच पायाखाली येतात. सिमेंटची पोती दहाच्या वर रचू नका. आणि संडासच्या टाकीचा खड्डा दीड मीटरच्या खाली जाणार असेल तर बाजूंना फळ्यांचा आधार हवाच, काढलेली माती काठावर ठेवायची नाही, निदान दीड मीटर लांब, आपल्याकडं जूनमध्ये पाऊस लागला की भिजलेला काठ सांगून ढासळत नाही.

गवंड्याची मुलगी, खानापूर:
दादा, वर चढायच्या आधी डक्टची भोकं, म्हणजे पाइप वर न्यायला स्लॅबमध्ये सोडलेली, बघा. आमच्या बाबांचं तसंच झालं. भोकावर प्लाय नुसता ठेवलेला, खाली भोक आहे हे कुणी सांगितलं नाही, त्यांना वाटलं भंगार पडलंय, दोन्ही हातांनी उचलून पुढं धरला, प्लायमुळं पाय दिसेनात, आणि एक पाऊल टाकलं ते सरळ खाली. कंबर मोडली, दोन वर्षं काम नाही, आई धुणीभांडी करून घर चालवत होती. म्हणून प्लाय ठोकूनच बसवा, हलता कामा नये, आणि त्यावर लाल रंगाची मोठी फुली मारा. पाटी मराठीत लिहिली तर गोकाक-बैलहोंगलकडची माणसं वाचणार नाहीत, कन्नडमध्ये लिहिली तर बिहारची पोरं वाचणार नाहीत, लाल फुली सगळ्यांना कळते. अजून एक, त्या बिगाऱ्याचं लेबर कार्ड आहे का विचारा. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम झालेलं असलं की कर्नाटकच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी होते. बाबांचं नव्हतं.

वायरमन, निपाणी:
वायरीचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. साइटवर वायरीला प्लग टॉप (सॉकेटात घालायची पिन) नसतो, वायरीची टोकं सोलून आगपेटीच्या काडीनं सॉकेटात खोचतात आणि तीच वायर ओल्या जमिनीवरनं काँक्रीट बसवायच्या व्हायब्रेटरपर्यंत. माझ्या डोळ्यासमोर एक पोरगा चिकटलाय, फळीनं ढकलला म्हणून वाचला. टेम्पररी मीटरच्या बोर्डावर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच, बसवा आणि त्याचं टेस्ट बटण मधनं मधनं दाबून बघत जा. वायरी बांबूवर डोक्याच्या वरनं न्या, जोड पाण्यात नको.

अनगोळचा घरमालक:
मनापासून आभार सगळ्यांचे, ताई तुमचं वाचून जेवण गेलं नाही. संध्याकाळी कंत्राटदाराला घेऊन बसलो, अर्ध्या तासाची हजेरी मी देतो म्हटल्यावर तो तयार झाला, सेंट्रिंगचा हप्ताही थांबवलाय. डक्टची तीन भोकं निघाली, दोनवर काहीच नव्हतं. प्लाय ठोकून घेतला, फुल्या मी स्वतः मारल्या. बिगारी सोमवारी येतोय, त्याच्या मापाचे बूट आणून ठेवलेत. वायरमनदादा, आरसीसीबी 25 अँपिअरचा घेऊ की 40 चा? मिक्सर आणि पाण्याची मोटर दोन्ही त्याच बोर्डावर आहेत.