शिकलेली माणसं व्हिडिओ कॉलवरच्या ‘साहेबा’चं का ऐकतात?

म्हापसेकर:
आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांच्यासमोर अजूनही साठीतले विद्यार्थी विडी लपवतात. अशा माणसाला खाकीतला कुणीतरी व्हिडिओ कॉलवर सांगतो, ‘तुम्हाला डिजिटल अटक झालीय, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही’, आणि सर शीत-कडीचं ताट तसंच ठेवून बसून राहतात! बँकेत निघाले तेव्हा मुलीनं अडवलं म्हणून पैसे वाचले. वाड्यावर सगळे हसताहेत. पण कॉलेजात मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमचा प्रयोग शिकलो होतो: साहेबाच्या हुकमावरून माणसं दुसऱ्याला विजेचे वाढते शॉक देत जातात का, हे बघणारा. हुकूम देणारा खोलीबाहेर गेला की माणसं ऐकेनाशी होतात, असंच होतं ना त्यात? मग इथं कसं जमलं?

फोंड्याचा भाचा:
बरोबर आठवतंय तुला. येल विद्यापीठात 1961 साली सुरू झालेले प्रयोग. गाजलेल्या फेरीत 40 पैकी 26 जण 450 व्होल्टपर्यंत गेले. शॉक खोटे होते, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं. हुकूम फोनवरून आला तेव्हा शेवटपर्यंत जाणारे पाचातले एकच उरले. पण व्हिडिओ कॉलवर साहेब समोरच असतो रे, वर्दीसकट.

कुडचड्याची सिस्टर:
नुसत्या फोननंही जमतं, बाबा. मी जन्मभर वॉर्डात काढलाय. अमेरिकेत हॉफलिंग नावाच्या डॉक्टरनं 1966 साली नर्सांवरचा प्रयोग छापला. अनोळखी ‘डॉक्टर’ फोनवर सांगतो, अमुक पेशंटला 20 मिलिग्रॅम द्या. औषधाच्या डबीवर लिहिलेलं, दिवसाला जास्तीत जास्त 10. शिवाय फोनवरून औषध द्यायला नियमानंच बंदी. तरी 22 पैकी 21 जणी द्यायला निघाल्या. वाटेत त्यांना थांबवलं, आणि औषधही खोटंच होतं.

हे वाचून नर्सांना नावं ठेवणारे पुष्कळ. पुढचं कुणी सांगत नाही. 1977 मध्ये दुसऱ्या दोघांनी असाच प्रयोग केला, पण औषध ओळखीचं ठेवलं आणि सोबतिणींशी बोलायची मुभा दिली. 18 पैकी फक्त दोघी तयार झाल्या! मिलग्रॅमकडेही तेच: शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिला, तेव्हा 40 पैकी चारच शेवटपर्यंत गेले. आम्ही रात्रपाळीला डॉक्टरची फोनवरची ऑर्डर मोठ्यानं परत म्हणायचो, दुसऱ्या सिस्टरला ऐकू जाईल अशी, आणि मगच लिहायचो. डॉक्टर वैतागायचे. वैतागू देत.

मला एवढंच सांग, त्या भामट्यानं सरांना घरच्यांशी बोलायची मनाई केली होती का?

मडगावची वाचक:
सिस्टर, आणखी एक. ‘तुमच्यापुढे दुसरा पर्यायच नाही, पुढे चालूच ठेवा’ असं दरडावल्यावर उलट लोक थांबतात, हे बर्गरनं मिलग्रॅमचाच प्रयोग पुन्हा करून 2009 साली छापला त्यात दिसलं. ‘प्रयोगासाठी गरजेचं आहे’ म्हटलं की मात्र बरेच जण चालू ठेवतात. भामटेही आधी धमकी देतात, पण पैसे काढून घेताना ‘तपासाला सहकार्य करा’ म्हणतात.

म्हापसेकर:
होय सिस्टर! दार आतून लावायला लावलं होतं, आणि मुलीला सांगितलंत तर तिलाही अटक होईल म्हणाला. ती खिडकीतून ओरडली म्हणून बरं. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार झालीय. आता सरांना वाड्यावरच्या हसणाऱ्यांपासून कसं वाचवायचं ते सांगा, दोन दिवस गेटबाहेर आले नाहीत.