सीआरझेडचा नकाशा गाव नकाशावर बसवला, तर ५० मीटरची रेषा धरून चालायची का?

खाडीकाठ:
२०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार मंजूर झालेला किनारा आराखडा १:२५,००० प्रमाणात पीडीएफमध्ये मिळाला. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावर गाव नकाशा बसवला, तर खाडीलगतचा एक सर्व्हे नंबर सीआरझेडच्या ५० मीटरच्या रेषेत अर्धा आत, अर्धा बाहेर येतो. बांधकामाच्या अर्जाला हे पुरेल का? की उपग्रह चित्रात दिसणाऱ्या पाण्याच्या कडेपासून सरळ ५० मीटर मोजावेत?

अक्षांश_रेखांश:
दोन्ही नको. १:२५,००० मध्ये कागदावरचा १ मिमी म्हणजे जमिनीवर २५ मीटर. अर्ध्या मिमीच्या रेषेची नुसती जाडीच साडेबारा मीटर व्यापते. अशा रेषेवरून एका सर्व्हे नंबरचा निवाडा होऊच शकत नाही. म्हणूनच अधिसूचनेत स्थानिक पातळीवरचे नकाशे १:३,९६० किंवा जवळच्या प्रमाणात, गाव नकाशाच्या पायावर करायला सांगितले आहेत. तिथे तीच रेषा दोन मीटरच्या आसपास येते. आधी तो नकाशा मिळवा.

बसवताना संदर्भबिंदू म्हणून आराखड्यावरचे अक्षांश-रेखांशांचे छेद घ्या. किनाऱ्याचे वळण किंवा वाळूचे टोक घेऊ नका, ते दरवर्षी हलते. कोकणासाठी निर्देशांक पद्धत यूटीएम झोन ४३ उत्तर. जुन्या टोपोशीटवरून बिंदू घेतले असतील तर ते एव्हरेस्ट या जुन्या डेटमवर (मोजणीच्या पायावर) असतात. रूपांतर न करता आजच्या डब्ल्यूजीएस ८४ डेटमवर टाकले, तर सगळा नकाशा पन्नास मीटरच्या वर सरकू शकतो, म्हणजे तुमचा अख्खा पट्टाच गायब. गाव नकाशासाठी तीन हद्दी मिळतात तिथले दगड जीएनएसएसने (जीपीएससारख्या उपग्रह यंत्राने) मोजा, आणि सगळे बिंदू एकाच कोपऱ्यात घेऊ नका. नकाशा बसवण्याची 'थिन प्लेट स्प्लाइन' ही पद्धत टाळा. त्यात चूक शून्य दिसते, पण मधला नकाशा ताणला जातो.

उघाडी:
पाण्याच्या कडेबद्दल. चित्र टिपले तेव्हा भरती होती की ओहोटी, हे त्या कडेवरून कळत नाही. कायद्यातली भरतीरेषा म्हणजे उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीवर जिथवर चढते ती रेषा, आणि ती आखण्याचे काम चेन्नईच्या एनसीएससीएम या राष्ट्रीय किनारा व्यवस्थापन केंद्राचे. समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषेवरून घरी बसून आखलेली रेषा कायद्याने धरत नाहीत.

खाडीकाठी आणखी दोन गोष्टी बघा. सीआरझेडचा पट्टा ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतले जे कमी ते. खाडी तिथे ३० मीटर रुंद असेल तर ३० मीटरच. दुसरे, खारबंदीचा (खारे पाणी अडवणारा) बांध किंवा उघाडी (बांधातले पाण्याचे दार) १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीची असेल, तर भरतीरेषा त्या बांधापाशीच थांबते. बांध तेव्हाचा आहे हे जुन्या नोंदींवरून दाखवावे लागते. मात्र बांधाच्या आत कांदळवन असेल तर ते सीआरझेड एक-अ या सर्वात कडक संरक्षणाच्या वर्गातच राहते, बांध कितीही जुना असो. कांदळवन १,००० चौरस मीटरच्या वर असेल तर त्याभोवती ५० मीटरचा राखीव पट्टा धरा. या नियमामुळे कांदळवने टिकायला मदत होते, तेव्हा यातून पळवाट शोधू नये असे मला मनापासून वाटते.

खाडीकाठ:
आणि आराखड्यावरची धोका रेषा? ती तर आणखी आत आली आहे.

अक्षांश_रेखांश:
ती सर्व्हे ऑफ इंडियाने आखली आहे. पूर, समुद्राची वाढती पातळी आणि किनाऱ्याची धूप-भर धरून. २०१९ पासून ती आपत्ती नियोजनाचे साधन आहे, बांधकामबंदीची हद्द नाही. तरी जोत्याची उंची ठरवताना ती जरूर बघा. तेव्हा जीएनएसएसची उंची तशीच वापरू नका. ती लंबवर्तुळाभावरून (पृथ्वीच्या गणिती आकारावरून) मोजलेली असते आणि कोकणात सरासरी समुद्रपातळीपासूनच्या उंचीपेक्षा साठ मीटरहून जास्त खाली येते, म्हणून किनाऱ्यावर उंची उणे दिसते. जिओइडची (सरासरी समुद्रपातळीच्या पृष्ठभागाची) दुरुस्ती लावा किंवा जवळच्या बेंचमार्कवरून (उंची ठरवलेल्या खुणेवरून) लेव्हलिंग करा.

उघाडी:
अर्जाला शेवटी अधिकृत संस्थेचाच नकाशा लागतो. केंद्राने नेमलेल्या संस्थांत एनसीएससीएम, अहमदाबादचे सॅक (इस्रोचे केंद्र), गोव्याचे एनआयओ (समुद्रविज्ञान संस्था), चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे आयआरएस (दूरसंवेदन संस्था) वगैरे आहेत. त्या १:४,००० वर भरतीरेषा, ओहोटीरेषा आणि तुमच्या बांधकामाचा आराखडा एकत्र दाखवून देतात. तुमची क्यूजीआयएस फाईल निर्देशांकांसह त्यांना द्या, आणि सर्व्हे नंबरची भूमी अभिलेखची मोजणी आधी करून घ्या. हद्दच वादात असेल तर भरतीरेषा कितीही अचूक असली तरी अर्ज अडतो.