लिऑनहून ट्रेनने खेड्यातल्या गेस्टहाऊसला जायचंय, आई सोबत आहे

पाचोरेकर:
नमस्कार मंडळी. मुलगी फ्रान्समध्ये लिऑनला शिकते, जूनमध्ये मी, बायको आणि माझी आई (वय ७१) तिच्याकडे जाऊन राहणार आहोत. पॅरिस दोन दिवस बघू, पण आईचं एकच म्हणणं आहे की मला त्यांची शेती दाखव, गोठा दाखव, शहर काय सगळीकडे सारखंच. गाडी भाड्याने घेऊन तिकडच्या उजव्या बाजूने चालवायची माझी तयारी नाही, म्हणून ट्रेनच. आम्ही पीजेच्या (पाचोरा-जामनेर) छोट्या गाडीने जामनेरला मामाकडे जाणारी माणसं, खिडकीतून कापूस बघत बघत, कोरोनात ती बंद पडली ती पडलीच, आई अजून तिची आठवण काढते. तशी एखादी हळू जाणारी गाडी तिकडे आहे का? खेड्यात तीन रात्री राहायचंय. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. कोणी केलंय का असं?

रावेरची_लेक:
काका, मी चार वर्षं क्लेरमाँ-फेराँला होते, सांगते. टीजीव्ही पॅरिस ते लिऑन घ्या, दोन तासांत पोचवते, पण ती ताशी ३०० किमीने पळते, आजींना गाय दिसली म्हणेपर्यंत गाय गेलेली असते. खेडी बघायची तर टीईआर, म्हणजे तिकडची पॅसेंजर समजा. तिच्यात सीट नंबर नसतो, रिझर्वेशनची भानगड नाही. टीजीव्हीचं तिकीट मात्र जितकं उशिरा काढाल तितकं महाग पडतं, ते आत्ताच बघा.

लिऑनहून सेंट एतियेनमार्गे ल पुईला जा. फिर्मिनीनंतर गाडी ल्वार नदीच्या कडेकडेने जाते, फ्रान्समधली सगळ्यात लांब नदी पण इथे ती अजून लहान आहे. ल पुईच्या आसपास ज्वालामुखीच्या मातीत हिरवी मसूर पिकते, आपल्या जळगावच्या भरीताच्या वांग्यासारखं त्या मसुरीला गावाच्या नावाचं संरक्षण आहे, १९९६ पासून. आजींना शेतीत रस आहे तर याहून चांगली जागा मला सुचत नाही.

आणि एक दिवस हातात असला तर क्लेरमाँ ते नीम ही लाईन कराच. साधारण ३०० किमी, पाच तास लागतात, शंभराच्या वर बोगदे, १८७० साली पुरी झालेली. मध्ये अलिए नदीच्या घळीत काही ठिकाणी सोबत रस्तासुद्धा नाही, नुसते रूळ आणि पाणी. मी कसाऱ्याचा घाट लहानपणापासून बघत आले पण तिथे खिडकीवरून उठले नाही. फक्त त्या लाईनवर कामासाठी अधूनमधून गाड्या बंद ठेवून बस सोडतात, तारखेचं टाईमटेबल बघून घ्या, त्यात बस लिहिली असेल तर ती बसच असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधी स्टेशन ठरवा, मग घर शोधा. आम्ही उलटं केलं होतं, घर सुंदर म्हणून बुक केलं, नकाशात जवळ वाटलं, निघालं १४ किमी, रविवार, स्टेशनवर माणूस नाही, टॅक्सी नाही, दुकानं बंद. मालकीणबाई स्वतः गाडी घेऊन आल्या म्हणून निभावलं, पण दीड तास आम्ही बाकावर. तुमच्यासोबत वयस्कर माणूस आहे, तेव्हा बुकिंगच्या वेळीच लिहून विचारा की स्टेशनवर घ्यायला याल का, आणि हो आलं तरच पैसे भरा.

अमळनेरचा_भाऊ:
ताईने बरोबर सांगितलंय. घर शोधताना "शांब्र दोत" असं शोधा भो, म्हणजे लोकांच्या राहत्या घरातल्या खोल्या, कायद्याने पाचपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत आणि सकाळचा नाश्ता भाड्यातच असतो. "जीत" असेल तर ते अख्खं घर, स्वयंपाक आपला आपण. आईसाठी मी म्हणेन जीत घ्या, वरण-भात तरी हाताने होईल. पण मग किराणा आदल्या दिवशीच, रविवारी आणि पुष्कळ गावांत सोमवारीही दुकानाला कुलूप.

रावेरची_लेक:
भाऊ, मला मात्र शांब्र दोतच बरं वाटतं, आजींना त्यांचं घर, त्यांचा गोठा बघायचाय ना, ते एकाच टेबलावर बसल्याशिवाय होत नाही. रात्रीचं जेवण आधी सांगावं लागतं. नुसतं शाकाहारी म्हणू नका, अंडं नाही, मासे नाहीत असं एकेक लिहा, नाहीतर मोठ्या प्रेमाने ऑम्लेट करतील. आणि चीजबद्दल आजींना आधीच सांगून ठेवा, तिकडच्या बऱ्याच जुन्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं. खाणार की नाही ते त्यांनी ठरवावं, पण न सांगता खाऊ घालू नका.

धुळेकर७४:
सामानाचं कोणी बोललं नाही. तूप, पेढे, पनीर अजिबात नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, आमचा तुपाचा डबा विमानतळावर काढून घेतला आणि घरच्या गायीचं तूप होतं हो. शेंगदाण्याची चटणी, केळीचे वेफर्स न्या. ताज्या फळांना प्रमाणपत्र लागतं पण केळी, अननस, नारळ, खजूर, दुरियन एवढी पाच सुटलेली आहेत, म्हणजे आपली केळी चालते!
पॅरिसला गाडीचा प्लॅटफॉर्म जेमतेम वीसेक मिनिटं आधी बोर्डवर लागतो, टीजीव्हीचे दरवाजे वेळेच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, आईला घेऊन बोर्डाजवळच थांबा. आणि कुठेही शिरलात की पहिलं बोंजूर म्हणा, मग पुढचं बोला. खेड्यात तर फारच.

पाचोरेकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. ल पुईच्या अलीकडचं स्टेशन धरून घर शोधलं, मुलीने फोन केला, मालक म्हणाले स्टेशनवर येतो. आईला मसुरीचं सांगितलं तर लगेच म्हणाली मूठभर बियाणं आणू, बांधावर टाकून बघू. आणता येईल का?

रावेरची_लेक:
नाही काका, बियाणं परवानगीशिवाय भारतात आणता येत नाही. तिथेच शिजवून खाऊ द्या त्यांना. मसुरीला "लाँतीय" म्हणतात, मालकांना आत्ताच लिहा, पण शिजवताना त्यात खारवलेलं डुकराचं मांस घालायची पद्धत आहे, ते नको हेही त्याच चिठ्ठीत लिहा.