'नेसेसिटी'ला 'आपद्धर्म' म्हणावं का?

प्रश्न (सातारा)
आम्ही स्पर्धा परीक्षेचे काही विद्यार्थी अभ्यासिकेत मायकेल सँडेल यांची हार्वर्डमधली 'जस्टिस' ही व्याख्यानमाला यूट्यूबवर बघतो आणि मराठीत टिपणं काढतो. सुरुवातीलाच १८८४चा इंग्लंडमधला खटला येतो. 'मिन्योनेट' नौका बुडाली, चौघे होडीत अडकले, अन्नपाणी संपलं. कप्तान डडली आणि स्टीफन्स यांनी आजारी पडलेल्या १७ वर्षांच्या रिचर्ड पार्करला मारलं आणि त्याच्या मांसावर तिघे जगले. बचाव होता 'नेसेसिटी'चा, म्हणजे प्रसंगच असा होता की हे करावं लागलं, म्हणून गुन्हा धरू नये, असा. टिपणात कुणी 'गरज' लिहिलं, कुणी 'नाइलाज', बहुतेकांनी 'आपद्धर्म' (संकटात एरवीचा नियम मोडायची मुभा). मला हा शेवटचा शब्द फार खटकतो. जाणकारांनी सांगावं.

उत्तर (सांगली)
खटकायचं कारण नाही. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचं स्वतंत्र उपपर्वच आहे. १२ वर्षांच्या दुष्काळात विश्वामित्र चांडाळाच्या घरातून कुत्र्याची तंगडी उचलतो आणि म्हणतो, जगलो तर धर्म आचरता येईल. कप्तानाचं म्हणणं याहून वेगळं काय होतं?
(आणि कृपया 'आपतधर्म' लिहू नका. आपद् + धर्म.)

उत्तर (वाई)
वेगळं होतं, आणि फार. विश्वामित्राने स्वतःचा आचार मोडला. कुणाचा जीव घेतला नाही. छांदोग्य उपनिषदातला उषस्ति चाक्रायण आठवा. गारपिटीने पिकं गेली तेव्हा त्याने दुसऱ्याचे उष्टे कुल्माष (हलकं कडधान्य) खाल्ले, पण उष्टं पाणी नाकारलं. कुल्माष खाल्ले नसते तर मेलो असतो, पाणी मला कुठेही मिळेल, असं त्याचं उत्तर. आपद्धर्माची मर्यादा इतकी काटेकोर असते. आपण "आपद्धर्म म्हणून हॉटेलात जेवलो" म्हणतो, तिथेही तोशीस स्वतःच्याच नेमाला लागते.

दुसरं असं की या शब्दात 'धर्म' आहे, म्हणजे मान्यता आली. ती द्यायची की नाही, हाच तर कोर्टापुढचा प्रश्न होता. 'नाइलाज'चंही तेच. दुसरा मार्ग नव्हता हे तो शब्द आधीच कबूल करून टाकतो. कुणी मरायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायची गोष्ट मात्र होडीत निघाली होती. 'गरज' पातळ पडतो, गरज सायकलचीही असते. मी 'निकड' लिहीन. निकड किती होती ते त्यात येतं, कृत्य योग्य की अयोग्य ते येत नाही.

प्रश्नकर्ता (सातारा)
पटलं. 'निकडीचा बचाव' लिहितो. कोर्टाने तो फेटाळून फाशी सुनावली, पुढे ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली; या वाक्यात 'आपद्धर्म फेटाळला' कानाला विचित्रच लागत होतं.

आता पुढचं. पार्करने स्वतः हो म्हटलं असतं तर, यावरही सँडेल यांच्या वर्गात वाद होतो. तिथे 'संमती' लिहावं की नुसतं 'होकार'? तहानेने अर्धमेल्या पोराच्या 'हो'ला संमती म्हणायला मन धजत नाही.